ग्लुकोमीटरने स्वतःचं ताट कसं ठरवायचं : घरी शुगर तपासणं आणि आहार, पायरी पायरीने

डायबेटीस निघाला की हातात पहिली गोष्ट पडते ती म्हणजे एक छापील कागद, एका बाजूला काय खायचं आणि दुसऱ्या बाजूला काय नाही. मला टाइप २ निघाला तेव्हा मलाही तो मिळाला, आणि मी तीन महिने तो अगदी मनापासून पाळला, साखर बंद, गोड बंद, भात जवळजवळ बंद, आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी (मागच्या दोन तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी, टक्क्यांत) ८.४ वरून फक्त ८.१ वर आलं. खूप रडू आलं तेव्हा. मग ग्लुकोमीटर घेतला आणि खायच्या आधी आणि नंतर मोजायला लागले, तेव्हा कळलं की मी सकाळी पथ्याचं म्हणून जे खात होते, दुधात शिजवलेले ओट्स मोठा बाऊलभर आणि वर अख्खं केळं, त्यानेच रोज शुगर २३० च्या वर जात होती (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, पुढचे शुगरचे आकडेही याच मापात), आणि ज्या भाताला एवढी घाबरत होते तो अर्धी वाटी, भाजी आणि डाळीबरोबर घेतला तर १६० च्या आत राहत होता. कागद चुकीचा नव्हता, पण तो माझं शरीर बघून लिहिलेला नव्हता एवढंच.

आणि हे फक्त माझंच नाही. २०१५ मध्ये इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटने ८०० लोकांना शुगर सतत मोजणारा सेन्सर लावून बघितलं होतं, त्यात (डायबेटीस नसलेल्या लोकांमध्येसुद्धा) एकच पदार्थ खाऊन एकाची शुगर भरपूर वाढली आणि दुसऱ्याची जेमतेम. म्हणून या लेखात मी "हे खा ते खाऊ नका" अशी यादी देणार नाहीये, स्वतःची यादी स्वतः कशी बनवायची ते सांगणार आहे.

सुरू करायच्या आधी, हे आधी वाचा

तुम्ही इन्सुलिन घेत असाल किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यातली गोळी चालू असेल तर डॉक्टरांना न सांगता एकदम जेवण कमी करू नका. ही औषधं तुम्ही किती खाल्लंय ते बघून काम करत नाहीत, ताटातले कार्ब्स (म्हणजे भात, ब्रेड, बटाटा, साखर यातलं पिष्ट आणि साखर) निम्मे केले आणि डोस तोच ठेवला तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. नुसती मेटफॉर्मिन असेल तर ही भीती बरीच कमी. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर उपाशी राहणं आणि अगदी कमी कार्ब्सवर जाणं दोन्ही विचारल्याशिवाय नको, कारण त्यात शुगर फार वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) साठून माणूस गंभीर होऊ शकतो. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन आपल्या मनाने वाढवू नका. गरोदर असाल तर खालचे आकडे तुमच्यासाठी नाहीत, तुमचे जास्त कडक असतात (साधारण उपाशी ९५ च्या खाली, जेवणानंतर १ तासाने १४० च्या खाली, २ तासांनी १२० च्या खाली), ते तुमच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

पायरी १ : बोट नीट टोचायला शिका

सोपं वाटतं पण अर्ध्या लोकांचं रीडिंग इथेच बिघडतं असं माझं मत आहे. एकदा मी संत्रं सोलून खाल्लं, हात नुसते रुमालाला पुसले आणि तपासलं तर २४६, घाबरून साबणाने हात धुऊन परत तपासलं तर १३८. बोटाला फळाचा रस लागलेला असला की मीटर रक्तातली नाही तर बोटावरची साखर मोजतो. तेव्हापासून एकच नियम, आधी साबण आणि कोमट पाणी, मग हात पूर्ण कोरडे. कोरडे हे महत्त्वाचं, ओल्या बोटावर रक्त पातळ होतं आणि आकडा खोटाच कमी येतो. कुठे पाणीच नसेल तर पहिला थेंब पुसून टाका आणि दुसरा वापरा. स्पिरिट लावत असाल तर ते पूर्ण सुकू द्या.

टोचायचं ते बोटाच्या पेराच्या मधोमध नाही, कडेला. मधल्या भागात संवेदना जास्त म्हणून तिथे दुखतं आणि नंतर दिवसभर काही धरताना जाणवत राहतं. रोज बोट बदला. रक्त येत नसेल तर हात खाली सोडून जरा झटका, तळहाताकडून बोटाच्या टोकाकडे हलकेच चोळा, पण टोकाला जोरात पिळू नका, पिळलं की रक्ताबरोबर पेशींमधलं पाणी येतं आणि आकडा चुकतो. लॅन्सेट (टोचायची छोटी सुई) प्रत्येक वेळी नवीन घ्यावा, बोथट सुई जास्त दुखते. आणि टोचायचं पेन घरातल्या घरातसुद्धा कोणाबरोबर शेअर करायचं नाही, हिपॅटायटीस बी असा पसरू शकतो. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात जमा करायच्या, तशाच कचऱ्यात नाही.

स्ट्रिपची (मीटरमध्ये घालून जिच्यावर रक्ताचा थेंब घेतात ती पट्टी) डबी म्हणजे नाजूक मामला. ओल आणि उष्णता दोन्ही तिला चालत नाही, म्हणून बाथरूममध्ये नको, उन्हात उभ्या गाडीत नको, फ्रिजमध्येही नको, आणि एक स्ट्रिप काढली की झाकण लगेच टक् करून बंद. एक्स्पायरी बघा, आणि डबी उघडल्यावर किती महिने चालते तेही तिच्यावर लिहिलेलं असतं, उघडली ती तारीख पेनाने वर लिहून ठेवा. मीटरमधली तारीख आणि वेळ पहिल्याच दिवशी लावून टाका, नाहीतर महिन्याने मेमरी बघताना सकाळचं कुठलं आणि रात्रीचं कुठलं काही कळत नाही.

पायरी २ : आकडा किती खरा धरायचा

लोक एकामागोमाग दोनदा तपासतात, एकदा १५२ आणि एकदा १६५ येतं आणि मीटर फेकून द्यायला निघतात. घरच्या मीटरसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे (आयएसओ १५१९७, २०१३ चं) त्यात १०० आणि त्यावरच्या रीडिंगला लॅबच्या तुलनेत १५ टक्के इकडेतिकडे चालतं, १०० च्या खाली १५ मिलिग्रॅम, आणि तेही १०० पैकी ९५ वेळा. म्हणजे मीटरवर १६० दिसलं तर खरी शुगर साधारण १४० ते १८० मध्ये कुठेतरी आहे एवढंच समजायचं. एका आकड्यावर हसायचंही नाही आणि रडायचंही नाही, तीन चार वेळा सारखंच दिसलं तर तो पॅटर्न. मीटर लॅबशी ताडून बघायचा असेल तर उपाशीपोटी बघा, जेवणानंतर बोटातलं रक्त शिरेतल्या रक्तापेक्षा मुळातच थोडं जास्त दाखवतं. ॲनिमिया असेल तर त्यानेही काही मीटरचे आकडे सरकतात, आणि व्हिटॅमिन सीचे मोठे डोस घेत असाल तर मीटरचं माहितीपत्रक एकदा वाचा.

आता टार्गेट. गरोदर नसलेल्या बहुतेक मोठ्या माणसांसाठी अमेरिकन डायबेटीस असोसिएशन म्हणते की जेवणाआधी ८० ते १३०, आणि जेवायला सुरुवात केल्यापासून १ ते २ तासांत १८० च्या खाली, एचबीएवनसी ७ च्या खाली. वय जास्त असेल, शुगर वारंवार लो होत असेल, हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टर हे मुद्दाम सैल ठेवतात आणि ते बरोबरच आहे. तुमचा मीटर ५.६ किंवा ८.९ असे छोटे आकडे दाखवत असेल तर ते वेगळं माप आहे (मिलिमोल प्रति लिटर), १८ ने गुणा.

पायरी ३ : जोडीने तपासा, सगळा खेळ इथे आहे

बहुतेक जण रोज सकाळी उपाशीपोटी तपासतात आणि बस्स. पण नुसती फास्टिंग तुम्हाला जेवणाबद्दल काहीच सांगत नाही. काय खाल्ल्याने काय होतं ते कळायचं तर एकाच जेवणाची जोडी हवी, पहिल्या घासाच्या आधी एक, आणि पहिल्या घासापासून बरोबर २ तासांनी दुसरं. जेवण संपल्यापासून नाही हं, सुरू केल्यापासून, ही चूक जवळजवळ सगळे करतात. मोबाइलवर पहिल्या घासाला टायमर लावायचा.

मग बघायचा तो फरक. आधी १२० आणि नंतर १६५ म्हणजे ४५ ने वाढली, ते जेवण तुम्हाला झेपलं. आधी ११० आणि नंतर २१० म्हणजे १०० ने वाढली, तिथे काम आहे. मी स्वतःसाठी ५० पर्यंतचा फरक ठीक धरते. फरक बघण्याचा मोठा फायदा असा की ज्यांची शुगर सध्या मुळातच जास्त आहे, समजा जेवणाआधीच १८०, त्यांनाही २१५ बघून हताश व्हायची गरज नाही, जेवणाने ३५ च वाढवली ना, म्हणजे जेवण चांगलं होतं, अडचण दुसरीकडे आहे.

स्ट्रिपा स्वस्त नसतात, म्हणून दिवसाला सात वेळा टोचत बसू नका. सात दिवस, रोज दोनच स्ट्रिपा असं करा : सोमवार मंगळवार सकाळच्या खाण्याची जोडी, बुधवार गुरुवार दुपारच्या जेवणाची, शुक्रवार शनिवार रात्रीच्या जेवणाची, रविवारी रात्री झोपताना एक आणि सोमवारी उठल्या उठल्या एक. एकूण १४ स्ट्रिपा आणि अख्ख्या दिवसाचं चित्र समोर येतं. (इन्सुलिन घेणाऱ्यांना डॉक्टरांनी जितक्या वेळा सांगितलंय तितक्या वेळा तपासावंच लागतं, हे त्याच्या बदल्यात नाही.)

वहीत आकड्याशेजारी चार गोष्टी लिहा, काय खाल्लं आणि साधारण किती, औषध कधी घेतलं, चाललो की बसलो, आणि झोप किंवा टेन्शन काही वेगळं होतं का. "जेवण" एवढंच लिहिलं तर आठवड्याने त्याचा काही उपयोग नाही, "भात दीड वाटी, डाळ एक वाटी, भाजी थोडी" असं हवं.

ही कल्पना काही नवीन नाही. १९६९ च्या सुमारास मीटर फक्त डॉक्टरांना आणि हॉस्पिटलांना मिळायचे, तेव्हा रिचर्ड बर्नस्टाइन नावाच्या एका अमेरिकन इंजिनीअरने, ज्यांना लहानपणापासून टाइप १ (ज्यात शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही तो डायबेटीस) होता, आपल्या डॉक्टर बायकोच्या नावावर एक मीटर मिळवला आणि दिवसातून अनेकदा स्वतःचं रक्त तपासून जेवण आणि इन्सुलिन बदलत गेले. नंतर ते पंचेचाळिशीत मेडिकल कॉलेजला गेले, स्वतः डॉक्टर झाले आणि नव्वदीपर्यंत जगले. त्यांचा अगदी कमी कार्ब्सचा आहार सगळ्यांनी करावा असं मी अजिबात म्हणत नाही, पण मोजा, बदला, परत मोजा ही सवय त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे.

पायरी ४ : ताट

सुरुवातीला मोजमाप, कॅलरी वगैरे काही नको. ९ इंचाची ताटली घ्या. अर्धी ताटली पालेभाज्या, फळभाज्या, काकडी, टोमॅटो, कोबी, फुलकोबी, भेंडी असल्या भाज्यांनी भरा. पाव भागात प्रोटीन, म्हणजे अंडी, मासे, चिकन, पनीर, टोफू. उरलेल्या पाव भागात कार्ब्स, म्हणजे भात किंवा गव्हाचं काही किंवा बटाटा, यातलं एक, तिन्ही नाही. बटाटा, रताळं, मका, मटार हे भाजीच्या अर्ध्यात मोडत नाहीत, ते कार्ब्सच्या पावात. डाळी आणि कडधान्यांत दोन्ही असतं, प्रोटीनही आणि कार्ब्सही, म्हणून डाळ भरपूर घेतली तर भात अजून थोडा कमी.

अंदाज यायला काही आकडे डोक्यात ठेवा. साधारण १५ ग्रॅम कार्ब्स म्हणजे ब्रेडची एक स्लाइस, किंवा मोजायच्या कपाने एक तृतीयांश कप शिजलेला भात, किंवा एक छोटं सफरचंद, किंवा अर्धं मोठं केळं. एक कप दुधात साधारण १२. आता माझा तो ओट्सचा बाऊल मोजा, सगळं मिळून ७० च्या वर जात होतं एकाच वेळी, आणि त्यात प्रोटीन होतं ते फक्त दुधातलं.

आणि काही गैरसमज. मध, ब्राऊन शुगर, खजूर हे सगळं शरीरासाठी साखरच आहे. "शुगर फ्री" लिहिलेल्या बिस्किटात साखर नसेल पण मैदा असतो आणि मैद्याची रक्तात साखरच होते. ज्यूस घरी काढला म्हणून चांगला होत नाही, ग्लासभर ज्यूसला तीन चार फळं लागतात आणि चोथा गेलेला असतो, त्यापेक्षा एक फळ चावून खा. उलट बाजूला, फळं पूर्ण बंद करायची काहीच गरज नाही, मीटरला विचारा ना, कुठलं किती चालतं ते.

पायरी ५ : एका वेळी एकच बदल

आठवड्याची वही बघा आणि ज्या जेवणाने सगळ्यात जास्त उडी मारली ते एकच जेवण पकडा. बाकीचं सध्या आहे तसं राहू द्या. त्या जेवणात एक बदल करा, तीन दिवस तेच ठेवा, जोडीने तपासा. एकदम पाच गोष्टी बदलल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही, आणि मग पाचही आयुष्यभर पाळत बसावं लागतं!

बदल कुठले? पहिला म्हणजे कार्ब्सचं प्रमाण एक तृतीयांशने कमी. दुसरा, माझ्या सगळ्यात आवडीचा कारण यात काही सोडावं लागत नाही, तो म्हणजे खाण्याचा क्रम. तेच ताट, पण आधी भाजी, मग प्रोटीन, आणि भात किंवा ब्रेड शेवटी. आधी गेलेलं फायबर आणि प्रोटीन पोट हळू रिकामं होऊ देतं म्हणून साखर रक्तात सावकाश उतरते. माझ्या बाबतीत त्याच ताटाला ३० च्या आसपास फरक पडला, तुमचा वेगळा असेल. तिसरा, जेवल्यावर १० ते १५ मिनिटं चालणं, लगेच, घरातल्या घरात फेऱ्या मारल्या तरी चालेल. काम करणारे स्नायू रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतात, त्यासाठी त्यांना इन्सुलिनची तेवढी वाट बघावी लागत नाही. चौथा, नुसते कार्ब्स खायचे नाहीत, बरोबर काहीतरी प्रोटीन, ओट्स खायचेच असतील तर अर्धे करून दोन अंडी किंवा मूठभर बदाम बरोबर. मी शेवटी हेच केलं, केळं काढलं, ओट्स निम्मे, दोन अंडी, आणि सकाळची २३० ची शुगर १५० ते १६० वर आली.

एक सावधगिरी, खूप तेल तूप चीज असलेलं जेवण २ तासांनी फसवतं. चरबीमुळे पचन लांबतं आणि शुगर ३ ते ४ तासांनी वर जाते, तेव्हा अशा जेवणाला एकदा ४ तासांनीही बघा.

सकाळची शुगरच कमी होत नाही, तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त छळतो. रात्री काही खाल्लं नाही तरी सकाळी वाढलेली कशी? पहाटे शरीर उठायची तयारी म्हणून कॉर्टिसोल, ग्रोथ हार्मोन वगैरे सोडतं आणि लिव्हर साठवलेली साखर रक्तात टाकतं, डायबेटीस नसेल तर इन्सुलिन ते सांभाळून घेतं, आपल्यात ते कमी पडतं. म्हणून झोपतानाचा आकडा आणि सकाळचा आकडा शेजारी शेजारी ठेवा. झोपताना २०० आणि सकाळी १९० असेल तर दोष रात्रीच्या जेवणाचा, ते लवकर करा, हलकं करा. झोपताना १२० आणि सकाळी १६० असेल तर ते लिव्हरचं काम, त्यात रात्रीचं जेवण अजून अजून कमी करून स्वतःला उपाशी मारण्यात अर्थ नाही, तो आकडा डॉक्टरांना दाखवा, औषधाची वेळ किंवा प्रकार बदलून फरक पडतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी एखाद्या दिवशी गजर लावून पहाटे ३ ला तपासावं, तेव्हा लो होत असेल तर डोसचा विषय लगेच काढायला हवा.

शुगर लो झाली तर

हे घरातल्या सगळ्यांना पाठ पाहिजे. थरथर, घाम, धडधड, एकदम भूक, चिडचिड, गोंधळल्यासारखं होणं. लगेच तपासा, मीटर जवळ नसेल तर तपासायची वाट न बघता उपाय करा. ७० च्या खाली म्हणजे लो, ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. १५ ग्रॅम पटकन लागू होणारी साखर घ्या, ग्लुकोजची पावडर किंवा तीन चमचे साखर पाण्यात किंवा अर्धा कप ज्यूस, १५ मिनिटं थांबा, परत तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर परत तेवढंच. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे उशीर होतो. अकार्बोज किंवा वोग्लिबोज ही गोळी चालू असेल तर साधी साखर हळू पचते, त्यांच्यासाठी ग्लुकोजच जवळ ठेवा. शुगर वर आली की थोडं खाऊन घ्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवून ॲम्ब्युलन्स बोलवायची, घरात ग्लुकागॉन (शुगर वाढवणारं तातडीचं औषध) असेल आणि द्यायला शिकवलेलं असेल तर ते द्यायचं.

दारू घेणाऱ्यांनी उपाशीपोटी तर अजिबात नाही, लिव्हर दारू निस्तरण्यात गुंतलं की साखर सोडत नाही आणि लो कित्येक तासांनी, झोपेतही होऊ शकतं.

ताप, उलट्या, जुलाब असताना उलट होतं, खाणं कमी असूनही शुगर वाढते. इन्सुलिन स्वतःहून बंद करू नका, पाणी पीत राहा, ४ तासांनी तपासत राहा, आणि आकडा २५० च्या वर टिकून राहिला किंवा उलट्या थांबेनात, श्वास जोरात चालायला लागला तर थेट दवाखाना.

डॉक्टरांकडे जाताना

मीटर आणि वही दोन्ही न्या, आणि "शुगर जास्त येते" असं न सांगता "सकाळच्या खाण्यानंतर ९० ने वाढते, दुपारी ३० ने" असं सांगा, पाच मिनिटांच्या भेटीत डॉक्टरांना याने खरंच मदत होते. एचबीएवनसी आकडे बसेपर्यंत दर ३ महिन्यांनी, नंतर ६ महिन्यांनी. ७ म्हणजे सरासरी साधारण १५४, ८ म्हणजे १८३. वहीतले आकडे चांगले आणि एचबीएवनसी जास्त असं झालं तर दोन शक्यता, एक म्हणजे तुम्ही ज्या वेळी तपासत नाही त्याच वेळी शुगर वाढतेय, आणि दुसरी म्हणजे लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया, त्यात हा आकडा खोटाच जास्त येऊ शकतो. तेव्हा हिमोग्लोबिनही बघून घ्या.

वजन जास्त असेल आणि टाइप २ निघून फार वर्षं झाली नसतील तर त्या भेटीत वजन उतरवण्याचा विषय नक्की काढा. २०१७ मध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या डायरेक्ट नावाच्या अभ्यासात, ६ वर्षांच्या आत निदान झालेल्या आणि इन्सुलिनवर नसलेल्या लोकांना डॉक्टरी देखरेखीखाली आधी काही महिने अगदी कमी कॅलरीचा आहार दिला होता, आणि वर्षाने त्यातल्या ४६ टक्के लोकांची शुगर डायबेटीसच्या औषधांशिवाय डायबेटीसच्या पातळीखाली होती. हे घरी एकट्याने करायचं नाही, पण विचारायचं जरूर.

माझी आता घडी बसलीय म्हणून मी आठवड्याला एकच दिवस जोडीने तपासते, दर वेळी वेगळं जेवण घेऊन. नवीन काही खाल्लं, औषध बदललं, स्टिरॉइड घ्यावं लागलं की परत पहिल्यासारखे सात दिवस, १४ स्ट्रिपा.